मधली खुर्ची

एरंडवण्यात, दातांच्या दवाखान्याच्या वर
डॉ. उमराणीकरांची खोली.
तिथे तीनच खुर्च्या. माझ्यासाठी चौथी आणली,
खालून उसनी, लाल, प्लास्टिकची.
चाकणच्या कारखान्यातला इंजिनिअर फान,
त्याची बायको लू यिंग,
आणि मधे मी, तासाला बाराशे रुपयांवर,
आजवर फक्त बॉयलर आणि करारनाम्यांची दुभाषी.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या,
विचारा, शेवटचं कधी?
काय शेवटचं, ते त्यांनी इंग्रजीत म्हटलं,
सहज, आपण पार्किंग म्हणतो तसं.
मी चिनीत शब्द शोधला. सापडला:
एका खोलीत असणं.
फान बुटांकडे बघत म्हणाला,
माझी किडनी अशक्त आहे.
डॉक्टरांनी वहीत लिहिलं, सोनोग्राफी.
मी म्हटलं, थांबा, ती किडनी नाही.
म्हणजे तीच, पण
हायवेच्या भिंतींवर रंगवलेला असतो ना
आपल्याकडे, पुरुषांचा अशक्तपणा, गुप्त सल्ला,
तो त्यांच्याकडे कमरेत राहतो.
डॉक्टर हसल्या नाहीत.
सोनोग्राफी खोडली.

टेबलावर जाड परदेशी पुस्तक होतं.
त्यातला गृहपाठ: डोळ्यांत बघून सांगा, मला हवंय.
मी ते वाक्य पलीकडे नेलं.
न मागितलेली साडी कुणी समोर उलगडावी
तशी लू यिंग बघत राहिली.

पुढच्या मंगळवारी, नाही केला.
त्याच्या पुढच्या, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.
त्या रोज रात्री विचारतात, जेवलात का,
आणि त्याच सुरात, नातवाचं काय.
त्यांनी मुळं पाठवली आहेत, उकळून प्यायला.
पडद्यांना वास लागलाय.
आणि ‘मला’, लू यिंग म्हणाली,
आमच्या घरात एकट्याने कुणी म्हणत नाही.
हे मराठीत आणताना
मी खिडकीबाहेर बघत होते.

सहाव्या भेटीत डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.
दमून घरी आल्यावर तुमच्याकडे काय करतात?
गरम पाणी, लू यिंग म्हणाली.
लाकडी बादली, घोट्याच्या वर पाणी.
बाबा कारखान्यातून यायचे, आई ओतायची.
बोलायचं कुणीच नाही.

सातव्या भेटीत पुस्तकाच्या जागी
तुळशीबागेतून आणलेली काशाची वाटी.
आधी पाणी. मग तूप. मग वाटी तळपायावर,
तो तिच्या, ती त्याच्या, वीस मिनिटं, गजर लावून.
त्यापुढे काही नाही. बंदी समजा.
आईंनी विचारलं तर सांगा,
किडनीची नस तळव्यात असते.
फान एकदम ताठ बसला:
असतेच! तिथूनच निघते. यांना कसं माहीत?
यांना माहीत नव्हतं.
मी म्हटलं, डॉक्टर आहेत त्या.

आठव्या भेटीला त्याच्या नखांत काळं होतं.
हे काळं काय निघतं, त्याने विचारलं.
उष्णता, डॉक्टर म्हणाल्या.
आग, मी म्हटलं,
आणि दोघं ओळखीचं हसले.
बंदी पाळलीत?
लू यिंग काहीतरी बोलली, भरभर,
नवऱ्याच्या बाहीकडे बघून.
मी भाषांतर केलं नाही.
डॉक्टरांनीही मागितलं नाही.

लग्नाला एकतीस वर्षं झाली.
तो शब्द मी मराठीत कधी उच्चारला नाही.
‘ते’ म्हणते. फार तर ‘तसलं काही’.
नवराही ‘हे’.
सर्वनामांवर चाललेला संसार.

रात्री फडताळात हात घातला.
सासूबाईंची वाटी सापडली, सेफ्टी पिनांनी भरलेली.
पिना ताटलीत ओतल्या.
हे बातम्या बघत होते.
म्हटलं, अहो, मोजे काढा.
का?
उत्तर मला चिनीत येत होतं.