कबुली

शनिवारी दीडला दारूगोळ्याचा भोंगा व्हायचा
आणि आपण दोघी फाटकाबाहेर,
तोंडावर पाण्याचा हबका, नखांत अजून पिवळी पूड.
खडकी बाजारातून बस,
डेक्कनला उतरून पुढचं पळत.
बायकांची रांग वेगळी असायची तेव्हा.
तू पिशवी माझ्याकडे द्यायचीस आणि कोपरं परजायचीस.

माझा कोण, ते तुला ठाऊक.
लोक म्हणत, देखणा. मी म्हणायची, ते राहू द्या,
तो कप खाली कसा ठेवतो ते बघा.
आवाज होऊ देत नाही.
पलीकडच्या खोलीत आई आजारी आहे ना,
सीन बदलला तरी त्याच्या बोटांच्या ते लक्षात आहे.
रडायचं असलं की तो पाठ करायचा आपल्याकडे,
मग खांद्याजवळ सदऱ्याला एक सुरकुती पडायची.
बस. तेवढ्यावर माझा सोमवार, मंगळवार निघायचा.

तू म्हणालीस, सुरकुती इस्त्रीवाल्याची.

तुझा मात्र तो, शेवटच्या रिळात मार खाणारा.
"नायकाला सगळं फुकट मिळालंय," तू म्हणायचीस,
"गाणी, घोडा, गावाचा आशीर्वाद.
ह्याला काय दिलं? एक दार.
त्यातून आत यायचं
आणि आठशे माणसांची चुळबुळ थांबवायची."
थांबायची, हे खरं.
शेंगदाण्याची पुडी हातातच राहायची माझ्या.
पण होळकर पुलावरून परत येताना
मी काही कबूल केलं नाही.
कँटीनमध्ये नाही, तुझ्या बारशांना नाही,
आपल्या दोघींच्या निरोप समारंभात
एकाच हारात फोटो काढला, तेव्हाही नाही.

एकावर तेवढं आपलं एकमत होतं.
पाटीवर ज्याचं नाव शेवटून दुसरं,
जन्मभर डॉक्टर झाला बिचारा.
खोलीतून बाहेर यायचा, चष्मा काढायचा, पुसायचा,
आणि काच स्वच्छ होईपर्यंत
आख्ख्या थेटराला कळलेलं असायचं.
ससूनच्या जिन्यात तू उभी होतीस, तुझे मालक आत.
खरा डॉक्टर आला. कोवळा पोरगा.
फाइलमध्ये बघत सांगून टाकलं त्यानं.
रात्री तू मला म्हणालीस,
"चष्माच काढला नाही गं त्यानं.
मी वाट बघत होते."

दहाव्याला ओंकारेश्वरी
कावळा शिवेना तुला, हौसे.
भात वाळला, जिलबीला मुंग्या लागल्या.
दिगंबर म्हणाला, धाकटीचं लग्न थाटात करू.
सून म्हणाली, पाटल्या तिघींत वाटून घेऊ, भांडणार नाही.
कठड्यावर चार कावळे बसलेले,
एकानं पंख खाजवला, बाकीच्यांनी तेही नाही.
गुरुजींनी घड्याळ पाहिलं,
दर्भाचा कावळा करायला घेतला.

तशी मी पुढे झाले.
लोक बाजूला सरले; जुनी मैत्रीण, काही गहिवरून बोलेल.
मी वाकून हळूच म्हणाले,
"बरं बाई. तुझाच मोठा नट."

मग आला एक.
उडत नाही, चालत. मान थोडी कलती,
कसलीच घाई नाही,
आणि घाटावरची चुळबुळ थांबली.
दिगंबरनं विचारलं, मावशी, काय बोललात?
मी म्हटलं, आमचं कामावरचं होतं काहीतरी.

तुझी तिकिटाची उधारी फिटली समजते.
पण हौसे, आता तू जेवून घेतलंयस म्हणून सांगते,
ती सुरकुती इस्त्रीवाल्याची नव्हती.