चौदा नंबरची पाटी

जहाज रात्रीतून येतं.
सकाळी गल्लीच्या टोकाला समुद्र नसतोच,
अकरा मजल्यांची पांढरी भिंत असते
आणि तिच्या बाल्कन्यांत टॉवेल वाळत असतात.

साडेसातला मी रोझोच्या धक्क्यावर.
हातात चौदा नंबरची पाटी,
खराट्याच्या दांड्याला खिळ्याने ठोकलेली.
छातीवर चौदाचा गोल चिकटवलेली माणसं
तिच्याखाली येऊन उभी राहतात, पिकलेली, आज्ञाधारक.
मोजते. चोवीस.
निळ्या टोपीचे आजोबा सारखे हलतात, म्हणून पुन्हा.
चोवीस.

"मी व्हर्लिन. हा ओस्विक. वळणावर तो हॉर्न मारतो
ते धोका म्हणून नव्हे, तिथे त्याची सासू राहते."
इथे हसतात. सात वर्षं इथेच हसतात.

चढ लागला की मी बोलत सुटते :
हा नीरफणस, हा कोको, ही बे-ची पानं,
चुरगळा, हुंगा, खिशात ठेवा, फुकट आहेत.
वादळानंतर सकाळी उठून बघतो तर
डोंगर पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा,
एक पान म्हणून नव्हतं.
"तुमच्या घराचं काय झालं?" एक बाई, हळूच.
छप्पर गेलं, मी सांगते.
सहलीत छपरापर्यंतच सांगायचं असतं.
वडिलांपर्यंत पोचायला
धबधब्यापर्यंतचा रस्ता पुरत नाही.

धबधबे दोन. उंच आहे त्याला इथे बाप म्हणतात,
शेजारची बुटकी, रुंद, ती आई.
वीस मिनिटं. पायऱ्या निसरड्या आहेत.
सगळे बापाचे फोटो काढतात.

शेवटचा थांबा सरबताची टपरी, बारा मिनिटं.
कंपनीचा नियम आहे, नातेवाइकांच्या दुकानापाशी
बस उभी करायची नाही.
म्हणून टपरीवाली मला "गुड आफ्टरनून, मिस" म्हणते
आणि मी तिला "गुड आफ्टरनून, मॅडम".
नाक आमचं एकच आहे. पण सुटीवर आलेली माणसं
नाकं बघत नाहीत.

जायफळाच्या माळा, दहा डॉलर.
अर्ध्या चड्डीतला उंच माणूस सात म्हणतो
आणि माझ्याकडे वळतो : "तुम्हीच सांगा, रास्त काय?"
काल वीज गेली होती. टॉर्च मी धरला होता,
ती एकेका जायफळाला भोक पाडत होती,
दाभण दोनदा अंगठ्यात गेलं.
"सात ठीक आहे," मी म्हणते.
ती पैसे मोजून घेते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
माझ्याहून चांगलं करते ती हे काम.

मग बर्फ घातलेला ग्लास माझ्या हातात देताना
ओठ न हलवता, आमच्या क्रेओलमध्ये :
"ऊ मांजे?"
जेवलीस का.

"काय म्हणाली?" घराचं विचारणारी बाई, लगेच.
"म्हणाली... प्रवास सुखाचा होवो."
"किती गोड!" तिने ते तोंडात घोळवलं,
नवऱ्याला शिकवलं, नवऱ्याने मागच्या सीटला,
आणि बस सुटताना चोवीसच्या चोवीस माणसं
खिडक्यांतून हात काढून ओरडली,
ऊ मांजे! ऊ मांजे!

माझी आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
मग ॲप्रनमध्ये तोंड खुपसून इतकी हसली
की टांगलेल्या माळा हलल्या.
"वी, वी," ती ओरडली मागून. हो, हो, केव्हाच!
ओस्विकने उगाचच हॉर्न मारला,
तिथे वळण नव्हतं, सासूही नव्हती.

धक्क्यावर उतरवून मोजते. चोवीस.
घडी घातलेल्या नोटा, ओलसर हात,
ऊ मांजे, ऊ मांजे, थँक यू, ऊ मांजे.
शेवटी निळी टोपी.
आजोबांना घाई नव्हती. ते ओरडलेही नाहीत.
वाकले, शब्द आठवत आठवत,
आणि आवाज टोकाला जरा वर गेला, चुकून :
"ऊ... मांजे?"

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

त्यांनी मान डोलावली, टोपी उचलली
आणि जिना चढून गेले.