कोण कुणाशेजारी

खानापुरात लाइट गेली तेव्हा
मी सत्तेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेवर होते.
प्रश्न चौथा: एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारणात
स्त्रियांचे स्थान. दहा गुण.
बाकीच्यांनी गाइड उतरवलंय:
मताधिकार नव्हता, सबब स्थान नव्हते.
ह्या पोरीनं मात्र, कानडी वळणाच्या अक्षरात,
एवढंच लिहिलंय:
"मंत्री जेवायला यायचे. कोण कुणाशेजारी बसणार
ते घरची बाई चिठ्ठ्या लिहून ठरवायची.
निम्मं काम तिथंच व्हायचं."

निम्मं काम.
मेणबत्ती शोधता शोधता पारव्वा आत्या आठवली.

सोसायटीच्या इलेक्शनवरून
मोनाप्पा आणि कल्लाप्पा अकरा वर्षं बोलत नव्हते.
एकाची म्हस दुसऱ्याच्या बांधावरून जात नव्हती.
आत्यानं नातवाचं बारसं काढलं
(नातू पाच महिन्यांचा होऊन गेला होता),
दोघांची पानं शेजारी मांडली
आणि मधे मिठाची एकच वाटी.
वाढप्यांना दम: मीठ कुणी वाढायचं नाही.
आमटी अळणी होती. मुद्दाम.
पहिला भात गेला. दुसरा गेला.
तिसऱ्याला मोनाप्पा पानाकडं बघत म्हणाला,
"सरकीव की इकडं."

सोमवारी अर्ज मागं. सोसायटी बिनविरोध.

बायकांची जागा आली तेव्हा मी म्हटलं, आत्या, उभी राहा.
ती तांदळातले खडे निवडत होती.
"मी उभारत न्हाई गे. मी बसवतो."
आमच्याकडं बाई असंच बोलते:
येतो, जातो, बसवतो.

फक्त एकदा तिनं सोसायटीची सभेची वही मागवली,
कानडीतली, आणि मला वाचायला लावली.
श्री. मोनाप्पा यांच्या पुढाकाराने.
श्री. कल्लाप्पा यांच्या मोठ्या मनाने.
"आनि?"
आणि चहापान होऊन सभा संपली.
"चा माझाच हुता," म्हणाली,
आणि वही मिटून चुलीपासून लांब ठेवली.

हेही सांगायला पाहिजे:
एक पंगत तिनं कधीच मांडली नाही.
ओढ्यापलीकडच्या आळीचं जेवण
मागल्या दारानं गेलं, तिच्याच सांगण्यावरून,
वरून वाढून.
त्या आळीतली यल्लव्वा पुढं उभारली,
निवडून आली, आणि पहिल्या मीटिंगला
भिंतीकडची खुर्ची स्वतःच ओढून बसली.
खुर्चीचा आवाज बाजारापर्यंत गेला म्हणतात.
आत्यानं तो ऐकला असणार.
त्या दिवशी तिनं कुणालाच जेवायला बोलावलं नाही.

मेणबत्ती अर्ध्यावर आलीय.
पोरीला नऊ दिलेत.
एक कापला, आणि समासात लाल शाईनं लिहिलं:
जेवणं झाल्यावर
भांडी कुणी घासली?