टक्के

दहावीला मला अठ्ठ्याऐंशी होते.
अप्पा देवरुखला गणित शिकवायचे,
पेढ्याचा बॉक्स हातात धरून म्हणाले,
बारा कुठे सांडले?

आता फोनवर त्यांना सांगते :
पाठीला चाळीस आहेत, गुडघ्याला दहा.
इथे जितकं मोडाल तितके मार्क.
ते हसत नाहीत.

तीन ऑपरेशनं झाली.
पहिलं ट्रकखालचा जॅक सटकला त्या वर्षी,
दुसरं पहिलं नीट बसलं नाही म्हणून,
तिसरं दुसऱ्यात राहिलेला स्क्रू काढायला.
तो स्क्रू मी मागून घेतला.
शिवणाच्या डब्यात आहे, बटणांबरोबर.
आता गुडघे टेकायचे म्हटले
तरी टेकत नाहीत.

डेटनच्या वेटरन्स हॉस्पिटलात फेब्रुवारीत
गाडी लावायला जागा मिळते ती पार टोकाला.
मीठ मारलेल्या बर्फावर काठी करकरत येते,
आत सगळ्यांच्याच काठ्या, टोप्या, फायली.

शेजारी व्हर्जिल स्टॅम्पर.
त्याचा डावा पाय व्हिएतनाममध्ये राहिला,
उरलेला तो पन्नास वर्षं इथे येतोय.
मागच्या तपासणीत किती वाकवलास, म्हणाला.
एकशे दहा अंश.
दुखत होतं?
डोळ्यांपुढे काजवे.
मग वाकवलास कशाला?

काय सांगणार?
आमच्याकडे कळ सोसण्याला वळण म्हणतात.
आईने दाढ काढून घेतली तेव्हा
फक्त पदराचं टोक ओलं झालं होतं.
आणि सैन्यात तर
सार्जंट चिंदरकरला कुणी विचारलंच नाही,
म्हणून सार्जंट चिंदरकर बोलली नाही.

तो म्हणाला, इथे शूर होऊ नकोस, पोरी.
दुखेल तिथे थांब.
हे कुणी शिकवत नाही आपल्याला.

तपासणारी बाई माझ्या भाचीएवढी.
हातात कोनमापक, कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ.
वाकवा, म्हणाली.
दहा. पंधरा. वीस.
आत कुणीतरी खडे घालून जातं ओढत होतं.
पंचवीस.
अठ्ठाविसाला तोंडून निघालं, दुखतंय.
मराठीत.
एवढ्या मोठ्याने तर मी ते घरीही कधी म्हटलं नव्हतं.
तिला शब्द कळला नाही,
थांबली मात्र.
अठ्ठावीस लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

जूनमध्ये पाकीट आलं.
गुडघा : दहाचे वीस. मंजूर.
खाली, एकूण : पन्नास.
आणि आधी एकूण किती होते?
पन्नास.

अप्पांना पाटीवर मांडल्यासारखं सांगावं लागलं.
बेरीज नसते, अप्पा.
पाठीने चाळीस नेले, उरली साठ टक्के बाई.
गुडघ्याचे वीस त्या साठातले, म्हणजे बारा.
झाले बावन्न. ते जवळच्या दहावर आणतात.
आधीचे शेहेचाळीस होते,
त्यांचेही पन्नासच केले होते.

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
रीत बरोबर आहे, अप्पा म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने, स्वतःशीच,
बारा.
मग : जिना चढतेस का गं?

अपिलाला वर्षाची मुदत आहे.
फॉर्मवर शेवटी मोठा चौकोन,
आपल्या शब्दांत लिहा.
पहिलं अपील मी कसं लिहिलं होतं ते आठवलं,
सगळं ठीक आहे, फक्त थोडा त्रास होतो.

या वेळी लिहिलं :
कपडे धुवायचं मशीन तळघरात आहे. तेरा पायऱ्या.
मी बसून उतरते, रांगत्या मुलासारखी,
कपड्यांची टोपली पुढच्या पायरीवर सरकवत.
सातव्या पायरीवर थांबते.
तिथे बल्ब गेलाय.
तो बदलायला स्टुलावर चढावं लागतं.