ओल्डरॉइड, एम.

शुक्रवारी साडेतीनला मागणी आली :
डॉ. मॉरीन ओल्डरॉइड, छातीविकार विभाग,
निवृत्ती समारंभासाठी प्रभाव हवा,
एका पानात मावेल असा, सोमवारपर्यंत.

शेफील्डमध्ये फेब्रुवारीत साडेतीन म्हणजे दिवेलागण.
ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर मी,
काचेपलीकडे चढावर कण्हणारी ट्राम.

आधी तिला एक करावं लागलं.
यंत्राच्या लेखी त्या तिघी होत्या :
ओल्डरॉइड एम., ओल्डरॉइड एम. जे.,
आणि छपाईच्या चुकीतून जन्मलेली कुणी ओल्डरीड.
चौथी पर्थची दंतवैद्य निघाली,
तिला सोडून दिलं.

निबंध चौसष्ट. एच-इंडेक्स एकोणीस,
म्हणजे एकोणीस निबंध असे
ज्यांचं प्रत्येकी निदान एकोणीसदा
कुणीतरी, कुठेतरी, नाव घेतलंय.
विसावा अठरावर थांबलाय
गेली अकरा वर्षं.

मग सहलेखकांचा नकाशा.
सगळ्यांत जाड रेष ग्रॅहम पिकर्सगिलकडे जाते,
बावीस निबंध एकत्र,
१९९० नंतर एकही नाही.
रेषेला अबोला काढता येत नाही,
ती जाडच राहते.

डेस्मंड फर्निसला ठिपकाच नाही.
सुऱ्यांना धार लावणाऱ्यांच्या थुंकीच्या बाटल्यांवर
तीस वर्षं पेन्सिलीनं नावं लिहिली त्यानं,
आणि स्वतःचं कुठे लावलं नाही.
शेवटच्या ओळीत बारीक टायपात सोळा वेळा :
'श्री. डी. फर्निस यांचे आभार.'
आभारांना रकाना नसतो.

सर्वाधिक उल्लेख १९८४च्या निबंधाचे. तीनशे बारा.
ओल्डरॉइड आणि पिकर्सगिल :
हवेत धूळ इतकी असली तरी चालेल,
फुप्फुसं सांभाळून घेतात.
मी एकेक उल्लेख उघडत गेले,
खरं तर ते माझं काम नव्हतं.

'ओल्डरॉइड यांच्या निष्कर्षाच्या उलट...'
'ओल्डरॉइड यांच्या हिशेबातला दोष...'
'ज्या कारखान्यांनी ओल्डरॉइड यांच्यावर विसंबून...'

माझ्या भाषेत नाव घेणं वेगळं
आणि नाव ठेवणं वेगळं.
आई नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायची,
आणि नावं ठेवायची ती सगळी गद्यात.
यंत्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात.
कुणी टाळी दिली, कुणी थोबाडीत मारली,
ते आवाज मोजतं.

अंधार पडल्यावर एक अर्धं पान सापडलं.
१९९१, संपादकांना पत्र. सहलेखक नाही.

'आम्ही सांगितलेली मर्यादा चुकीची आहे.
ज्यांच्या छात्या मी तपासल्या
ते त्या दिवशी कामावर येऊ शकले होते.
जे येऊ शकत नव्हते
त्यांच्या घरी मी गेले नाही.
आता गेले आहे.'

खाली एक तक्ता. एकेचाळीस घरं,
गल्लीवार. कुणाला जिना चढवतो, कुणाला नाही,
कुणाची खाट खालीच आणलीय,
कोणत्या दारी विधवेनं उत्तर दिलं.

उल्लेख चार.
त्यातले दोन तिचेच,
आणि नियम असा, की स्वतःचे वगळायचे.

चौसष्ट, एकोणीस, तीनशे बारा
मी पानावर भरले. नकाशा चिकटवला.
ठिपके समारंभात छान दिसतील,
पिकर्सगिल येणार आहेत म्हणे, भाषण करतील.

फॉर्मच्या तळाशी एक चौकोन उरतो,
'अन्य उल्लेखनीय', मर्यादा दीडशे अक्षरं.
कुणी भरत नाही तो.

जे येऊ शकत नव्हते त्यांच्या घरी मी गेले नाही.
आता गेले आहे.

दोनदा मोजलं.
बसतंय.