विषय क्रमांक पाच

सभा चॅपलच्या मागच्या खोलीत भरते,
दर तीन महिन्यांनी, मंगळवारी, संध्याकाळी सातला.
हजर: सदस्य सात, पोलीसप्रमुख एक,
त्यांचा साहाय्यक, गावकरी अकरा
आणि एक कुत्रा, ज्याची नोंद मी घेत नाही.

एकोणीस वर्षं इतिवृत्त लिहितेय.
वाक्यं हाताला पाठ झालीत:
नोंद घेतली. माहिती मागवली आहे.
पुढील सभेत.
पुढील सभेत तीच वाक्यं पुन्हा येतात,
ओले कोट खुंटीला लावून
आपापल्या खुर्चीत बसतात.

एलुनेड प्रॉथरो सदस्य नाही. ती भेट देणारी.
बत्तीस वर्षं तिनं शाळेत वाटाणे उकडले.
आता गळ्यात ओळखपत्र घालून
अबरकेरिनच्या पोलीस ठाण्यात जाते,
न कळवता, रात्री-अपरात्री.
तिला दार उघडावंच लागतं.
सोबत इदवाल, निवृत्त पोस्टमन,
कुणी गुरगुरलं तरी न दचकणारा.

आतल्या माणसानं काय केलं, हे ती विचारत नाही.
जेवलास का? घोंगडी मिळाली?
तू इथं आहेस हे घरी कुणाला ठाऊक आहे?

मार्चमध्ये चार नंबरच्या कोठडीतला पोरगा म्हणाला,
घंटा दाबली. दाबत राहिलो. कुणी आलं नाही.
सार्जंट म्हणाला, वायर ढिली आहे, कळवलंय.
जूनमध्ये कळवलेलं होतं.
सप्टेंबरमध्येही कळवलेलंच होतं.

ऑक्टोबरात एका रात्री चार नंबर रिकामी होती.
एलुनेड म्हणाली, मला आत घाल, कडी लाव.
सार्जंट बेब तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन वाढलेला.
घुटमळला. मग लावली.
तिनं पर्समधून अंडी उकडायचं घड्याळ काढलं
आणि घंटा दाबली.

चौदा मिनिटांनी दार उघडलं.
घंटा ऐकून नव्हे,
चहा झाला होता म्हणून.

तर, विषय क्रमांक पाच.
साहेब म्हणाले, तरतुदीचा प्रश्न आहे,
ठेकेदार कार्डिफचा आहे, शिवाय
एकूण आकडे समाधानकारक आहेत.
एलुनेड उठली. घड्याळाला चावी दिली, चौदावर,
केकच्या ताटलीशेजारी ठेवलं.
हे वाजेपर्यंत कुणी बोलायचं नाही, म्हणाली,
ज्या आवाजात चारशे पोरांना रांगेत उभं करायची.

पहिल्या मिनिटात साहेब हसले.
तिसऱ्यात साहाय्यकानं फोन काढला,
इदवालनं नुसतं पाहिलं, फोन खिशात गेला.
पाण्याची टाकी कुरकुरत थंड होत होती.
सहाव्यात कुत्रा उठून दाराशी गेला,
परत आला.
नवव्यात, शेवटच्या रांगेतल्या नॉन गिटिन्सनं
भिंतीकडे तोंड फिरवलं.
मार्चमधला तो पोरगा तिचा.
खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं,
म्हणूनच कुणी मागे वळलं नाही.
अकराव्यात अध्यक्षांचा हात हातोडीकडे गेला
आणि तिथंच राहिला, हातोडीवर.
मग मी मोजायचं सोडलं.

घड्याळ वाजलं तेव्हा साहेबांनी कागद उलटा ठेवला
आणि एक तारीख सांगितली. साधी तारीख:
बारा नोव्हेंबर.

रात्री घरी लिहायला बसले.
'चर्चा झाली'? झाली नव्हती.
'सभा स्तब्ध राहिली'? ते आपण मेलेल्यांसाठी लिहितो.
शेवटी चौदा ओळी कोऱ्या सोडल्या
आणि खाली तारीख लिहिली.

जानेवारीत अध्यक्ष म्हणाले,
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करू या.
वाचणं माझं काम.
पाचव्या विषयाशी आले आणि थांबले.
कुणीतरी खाकरलं.
मी बोट एकेका कोऱ्या ओळीवरून
सावकाश खाली नेत राहिले.

घंटा? आता वाजते, असं ते म्हणतात.
एलुनेड काल रात्री पुन्हा गेली होती,
पर्समध्ये घड्याळ घालून.
अजून तिनं मला काही कळवलेलं नाही.