साल सुटणे

प्रोबवर खुणा असतात : एक, दोन, तीन, पाच,
मग सात, आठ, नऊ, दहा.
चार नाही. सहा नाही.
वाचताना घोळ होऊ नये म्हणून ती जागा कोरी ठेवलेली,
आणि पहिला महिनाभर मी नेमकी तिथेच चुकले.

मेडिकल चौकातलं ऊन जाळीतून गाळून
चार नंबरच्या खुर्चीवर आलं होतं.
सुकाजी उरकुडे, वय बावन्न.
काम : कळमना मार्केट, संत्र्यांची छाटणी.
तक्रार :
"तक्रार काई नाही जी. बायकोनं धाडलं."

आ करा.

पुस्तकात निरोगी हिरडी दोन ओळींत संपते.
फिकट गुलाबी, दाताला घट्ट, कड पातळ,
आणि वर बारीक खळगे, संत्र्याच्या सालीसारखे.
परीक्षेच्या आदल्या रात्री वाटलं होतं,
लिहिणारा इकडचाच असणार.

इथे खळगे नव्हते.
हिरडी ताणून गुळगुळीत झालेली, चकाकणारी,
लालाच्या पुढे जाऊन जांभळ्यात शिरलेली.
दोन दातांमधलं टोक सुजून बोथट.
डावीकडे खाली, जिथे खर्रा ठेवायची सवय,
तिथे उलट : हिरडी उतरून गेलेली,
मुळं उघडी, नदी आटल्यावर
घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसाव्यात तशी.

"रुचिता, लिही. वन सिक्स.
पाच, तीन, सात."

हाताला वजन नको, मोटघरे मॅडम सांगतात.
आपल्याच नखाखाली टेकवून बघा,
नख पांढरं पडावं, दुखू नये.
तेवढंच.
आणि मग थांबा. रक्ताला घाई नसते.
मी मनात वीस आकडे मोजते.
अठराव्याला एक थेंब कडेवर येऊन उभा राहतो,
बेल वाजवून गप्प झालेल्या माणसासारखा.

"दुखलं?"
"नाही जी. कदीच दुखलं नाही.
दुखलं असतं तं आलो नसतो काय?"

बोटाने दाबलं की पिवळट पू.
समोरचा दात दोन बोटांत धरला तर हलतो.
वरच्या दोघांत फट पडलीय, दोन वर्षांत.
"पोरं म्हनतात, बाबा, बोलता बोलता सिट्टी वाजते."
वास.
त्याला तक्त्यात रकाना आहे.
"ते रातची भिताडाकडं तोंड करून निजते,"
याला नाही.
रुचिताचं पेन जरा वेळ हवेतच राहिलं.

मी त्याच्या हातात आरसा दिला.
हिरडी, दात, मधली फट, तिला आम्ही पॉकेट म्हणतो,
वर नीट दिसतं, आत जागा झालेली असते,
असं मी सांगत होते, पाठ केलेलं,
आणि तो आरशात न बघता माझ्याकडे बघत होता.

"फोफसं झालं म्हना नं."
"काय?"
"संत्रं. झाडावर लई दिवस राह्यलं का
साल फुगते, आतला गर सोडते.
वरून पाहा, मस्त दिसते. गिऱ्हाईक फसते.
आमी नाही फसत."
अंगठा त्याने हवेतच दाबला,
नख पांढरं पडेल, फळ दुखणार नाही, इतकाच.
"असं दाबलं का समजते. आत हवा हाय.
ते वेगळ्या क्रेटात टाकाचं."

तीस वर्षं. रोज किती हजार, त्याने मोजलं नव्हतं.
मी सात महिन्यांची इंटर्न.
प्रोब ट्रेमध्ये ठेवताना जरा जास्तच आवाज झाला.

एक्स-रे वर धरला. हाड
जिथे असायला हवं त्याच्या पार खाली,
करवतीने वाकडंतिकडं कापल्यासारखं.
तो बराच वेळ बघत बसला.
तंबाखू सोडा, साफसफाई चार वेळा, ब्रश असा धरा,
मी बोलत होते. तो तिथे नव्हता.

"मॅडम, सुटलेली साल
परत बसते का?"

संत्र्याची नाही, हे त्याला ठाऊक होतं.
"बसते," मी म्हटलं. "थोडी.
हाड नाही येत."

त्याने रुमालाने ओठ पुसले,
रुमालाची घडी रक्त आत राहील अशी घातली.
"मंग थोडीच बसवा," म्हणाला.
"आन् ते वासाचं आधी पाहा."